हवामान बदलाचा राजकीय वाद (पांढुर्णा–सौसर)

हवामान बदलाची जबाबदारी कोणाची आणि निसर्गात माणसाचे स्थान कोणते, याविषयीचा राजकीय मतभेद. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौसर हे मराठी वस्तीचे तालुके ज्या छिंदवाडा लोकसभा मतदारसंघात मोडतात, तेथील तत्कालीन खासदार कमलनाथ यांनी केंद्रातील पर्यावरण व वन खात्याचे मंत्री या नात्याने जून १९९२ मध्ये रिओ दी जानेरो येथे भारताची बाजू मांडली (पहा : वसुंधरा परिषद). तेथे संमत झालेल्या रिओ जाहीरनाम्याच्या पहिल्या तत्त्वाने शाश्वत विकासाच्या केंद्रस्थानी माणूस ठेवला, याला निसर्गाचे स्वतंत्र मूल्य मानणाऱ्यांचा आक्षेप आहे. सातव्याने ‘समान परंतु विभेदित जबाबदारी’, म्हणजे पर्यावरणरक्षण सर्वांचे असले तरी विकसित राष्ट्रांवर अधिक भार, हे सूत्र मांडले, आणि वादाचा खरा गाभा तोच होय. या तालुक्यांत हवामान बदलाच्या या वादाचे महत्त्व पावसाच्या वेळेवर अवलंबून असलेल्या संत्र्याच्या बागांमुळे (पहा : संत्रे) आहे : आंबिया बहरासाठी हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडून ‘ताण’ देतात, तेव्हा अवकाळी पाऊस पडल्यास ताण मोडून फुलांऐवजी पालवी फुटते, मृग बहराला मात्र ताण सोडवणारा जूनचा पाऊस वेळेवर यावा लागतो.