ब्रिटिश रॉक, जॅझ आणि तबल्यावर केशव साठे

आमच्या पुण्याच्या घरी रॉक म्हणजे आरडाओरडा. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख मला झाली ती चक्क सौदीत! २०१४ साली प्रोजेक्टवर अल-खोबरला आलो तेव्हा इथे ना सिनेमा थिएटर, ना जाहीर मैफल. (मैफली २०१७ मध्ये परत सुरू झाल्या, थिएटरं २०१८ मध्ये.) कामासाठी सारखी रियाधची फेरी, चारशे किलोमीटर नुसती वाळू. ऑफिसमधल्या एका इंग्रज सहकाऱ्याने हार्ड डिस्क भरून गाणी दिली आणि तो रस्ता सुसह्य झाला.

या बँड्सनी रॉकची तीन मिनिटांची चौकट मोडली. 'सॉफ्ट मशीन'चा १९७० चा 'थर्ड' हा दोन तबकड्यांचा अल्बम. चार बाजू, चारच रचना. त्याच वर्षी त्यांना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'प्रॉम्स'मध्ये वाजवायला मिळालं, जिथे एरवी बीथोव्हेन वाजायचा. 'कॅराव्हान'ची १९७१ ची एक रचना तर बावीस मिनिटांहून मोठी आहे. मधल्या भागात जॅझसारखं सुचेल तसं वाजवत जायचं. ख्याल ऐकणाऱ्याला हा ऐसपैसपणा परका वाटत नाही.

'पेंटँगल' हा त्यांचा लोकसंगीतवाला भाऊबंद. गिटार लोकगीतांची, पण बास आणि ड्रम्स जॅझवाल्यांचे. त्यांच्या १९६९ च्या 'लाइट फ्लाइट'मध्ये पाच आणि सात मात्रांचे हिशेब आहेत. बोटांवर मोजत गाडी चालवणं बरं नव्हे, पण मोह आवरत नाही! हा बँड १९७३ मध्ये फुटला. पुढे त्यातले जॉन रेनबोर्न आणि जॅकी मॅकशी यांनी १९७७ मध्ये 'अ मेड इन बेडलम' काढला. त्याची नामावली वाचताना थबकलो. तबला : केशव साठे.

साठे? इंग्रजी लोकगीतांमागे?

हे साठे मुंबईचे, जन्म १९२८. १९५६ मध्ये लंडनला गेले. तिथे कलकत्त्याचे व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी दहा जणांचा ताफा जमवला. पाच जण जॅझचे, पाच मेयर यांच्या बाजूचे. १९६६ चा 'इंडो-जॅझ स्वीट' हा त्यांचा पहिला अल्बम. तबल्यावर साठे, सतारीवर दिवाण मोटीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. त्यावर बास वाजवणारा रिक लेर्ड पुढे जॉन मॅक्लॉक्लिनच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त गेला. म्हणजे फ्यूजन म्हणून पुढे जे गाजलं, त्यातला एक जण आधी साठ्यांच्या ठेक्यावर वाजवून गेला होता.

त्यांच्या पुढच्या अल्बममधली 'अका राग' ही धून बीबीसीने 'आस्क द फॅमिली' या क्विझ कार्यक्रमासाठी घेतली. आपल्याकडे रविशंकर आणि बीटल्सची गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते. साठ्यांचं नाव मात्र मी तरी घरी, कॉलेजात, कुठेच ऐकलं नव्हतं. तबलावाला साथीदार, त्यात गाव सोडून गेलेला. दोन्ही घरचा पाहुणा. आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांनी तरी त्याची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

जॅझवाल्यांना राग येत नव्हते, म्हणून मेयर यांनी बराचसा भाग लिहूनच दिला होता, आणि ते जाणवतं. काही ठिकाणी दोन्ही बाजू आपापल्या वाटेने चालतात आणि मध्ये तबलाच त्यांना धरून ठेवतो. साठे गेले २०१२ मध्ये.

ऐकायचं असेल तर 'इंडो-जॅझ स्वीट'पासूनच सुरुवात करा. त्यात मेघ आहे आणि गौड सारंगही. शुद्ध रागदारीची अपेक्षा ठेवू नका, आणि गाडीत ऐकणार असाल तर मात्रा शेजारी बसलेल्याला मोजू द्या.