धार ते जवारी : मिरजेची शागिर्दी

आपल्या समाजाचा इतिहास लिहायचा म्हटला की आम्ही लगेच बादशहा, सुभेदार आणि फार तर सूफी संतांकडे वळतो. हाताच्या कामावर जगणाऱ्यांची आठवण शेवटी होते, तीही एखाद्या ओळीपुरती. आतार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार ही आडनावे रोज आपल्या तोंडात असतात. त्या प्रत्येक आडनावामागे एक हुन्नर आहे आणि तो हुन्नर शिकवणारा कोणी तरी उस्ताद होऊन गेला, हे मात्र आपण विसरतो. यातल्या एकाच आडनावाची हकीकत येथे सांगायची आहे.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. मूळ शब्द सैकलगर. मिरजेच्या शिकलगारांचा धंदा हाच होता. १८१८ साली पेशवाई बुडाली. संस्थाने राहिली, पण लढाया संपल्या आणि तलवार भिंतीवर गेली. भिंतीवरच्या तलवारीला कसली धार लावायची? पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलासुरला धंदाही आटला. पण त्याच्या आधीच, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले होते, असे मिरजेत सांगतात. बाहेरून आलेली सतार, तंबोरा बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करता करता एक दिवस नवाच घडवायचा, अशी ही सुरुवात. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा पुढे या कारागिरांना आश्रय मिळाला.

येथे आम्हांला एक प्रश्न पडतो. ज्यांना सारा मुलूख सतारमेकरांचा मूळपुरुष मानतो, त्या फरीदसाहेबांचा उस्ताद कोण? पिढ्यान्पिढ्या लोखंडाशी खेळलेला माणूस लाकडापुढे पुन्हा शागिर्द होऊन बसला. शिकवणारे कोणी नव्हते. खोललेले जुने वाद्य हाच त्याचा उस्ताद आणि ते छेडून नाक मुरडणारा गवई हाच परीक्षक. घराण्याचा हुन्नर गेला म्हणून कपाळाला हात लावून बसणारे आपल्यात पुष्कळ झाले. या माणसाने हातातली धार तेवढी ठेवली आणि बाकी सगळे नव्याने शिकून घेतले.

मिरजेला परीक्षकांची वाण नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यापाशी त्यांना दफन करण्यात आले. आजही उरुसात तेथे गाणे होते. कोण कोणाचा शिष्य, कोणाचा गंडा कोणी बांधला, याची संगीताच्या पुस्तकांत पानेच्या पाने आहेत. त्या गाण्यामागे घुमणारा तंबोरा कोणत्या हाताने घडला आणि तो हात कोणी तयार केला, याला मात्र अर्धे पानही मिळत नाही.

शागिर्दी सुरू होते ती झाडू मारण्यापासून. मग रंध्याच्या पात्याला, पटाशीला धार लावायची. प्रत्येक सुताराचा पहिला धडा हाच; पण मिरजेत तो पूर्वजांचा धंदाही आहे, ही गंमत मुलाच्या ध्यानात येते की नाही कोण जाणे. मग भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा हा कडू भोपळा कोणी खात नाही, म्हणूनच तो वाद्यासाठी उरतो. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आतून साफ करायचा, आकार बिघडू नये म्हणून आत काड्यांचा आधार द्यायचा. मग तुणीच्या लाकडाची दांडी, तबली, गळा. येथे तयार माप चालत नाही. स्त्रीचा तंबोरा लहान, पुरुषाचा मोठा, आणि प्रत्येक गळ्याची पट्टी निराळी. बोटाने टिचकी मारून तबली बोलते का ते पाहायचे. उस्ताद फार बोलत नाही. चुकले की हातातून वस्तू काढून घेतो आणि स्वतः करू लागतो. तेव्हा नजर चुकवली तर तो धडा गेला.

जवारी सगळ्यांत शेवटी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिला टेकूनही मोकळी राहावी. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की आवाज खुलतो. एक घास जास्त झाली तर सगळे पुन्हा. हे हाताने करायचे काम असले तरी शिकायचे असते कानाने, आणि कान काही पुस्तकातून तयार होत नाही.

योगायोग असा की १८५० सालीच इंग्रज सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या लेखी कराराने उस्तादाकडे बांधून द्यायचे. मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी तो होता. मिरजेच्या कारखान्यांत असा कागद कशाला लागेल? शागिर्द बहुधा मुलगा, पुतण्या किंवा भाचा. यात माया होती, पण कोतेपणाही होता, हे आपण मान्य केले पाहिजे. घरातला मुलगा शिकून नोकरीला लागला की विद्या तेथेच अडते. १९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तो मोबाइलमध्येच वाजतो. अशा वेळी कोणत्या बापाने मुलाला कॉलेज सोडून कानस हातात घे म्हणावे? आणि बाहेरचा मुलगा आला तर त्याला तबलीपर्यंत शिकवून जवारीच्या वेळी बाजूला बसवणारे उस्तादही असतातच.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद झाला. दुसरीकडे बनलेल्या वाद्यावर आता मिरजेचे नाव लावता येणार नाही. पण मिरजेतच ते बनवणारा हात उद्या असेल याची हमी त्या कागदात नाही. ती द्यायची तर उस्तादाने आडनाव न विचारता एखाद्या मुलाला, आणि मुलीलाही, जवारीपाशी बसवून घ्यावे लागेल. फरीदसाहेब लाकडापाशी बसले तेव्हा त्यांचे आडनाव तरी कुठे सतारमेकर होते?