मेथिलाची खूण

शास्त्राच्या इतिहासांत शोध आणि त्याचा उपयोग यांच्यामध्यें पुष्कळदां एक अख्खी पिढी निघून जाते. कर्करोगाच्या निदानांत आज ज्या मेथिलीकरणाचा बोलबाला आहे, त्याची हकीकतही अशीच आहे.

इ. स. १९४८ मध्यें न्यूयॉर्क येथील रोलिन हॉचकिस या संशोधकास वासराच्या थायमस ग्रंथींतील डीएनएमध्यें सायटोसिनाहून किंचित् निराळा घटक आढळला. सायटोसिनास मेथिल नांवाचा लहानसा रासायनिक गट चिकटला म्हणजे हा घटक बनतो. या खुणेचें प्रयोजन काय, हें कोडें दीर्घकाळ तसेंच राहिलें. १९७५ मध्यें रिग्ज यानें, आणि स्वतंत्रपणें हॉलिडे व प्यू यांनीं, जनुकांस जागें वा निद्रिस्त ठेवणारी ती हीच, असा तर्क मांडला. १९८३ मध्यें फाइनबर्ग व व्होगेलस्टाइन यांस अर्बुदांतील कांहीं जनुकांवर ही खूण निरोगी पेशींपेक्षां कमी दिसली. पुढें याच्या उलट प्रकारही उघडकीस आला. अर्बुदास आळा घालणाऱ्या जनुकांच्या आरंभींच या खुणांची दाटी होते आणि तीं मुकीं पडतात. अक्षरें शाबूत, पण तीं वाचलींच जात नाहींत!

परंतु ही खूण ओळखावी कशी? १९९२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मॅरिअन फ्रॉमर या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं बायसल्फाइटाची युक्ति प्रसिद्ध केली. या द्रव्यानें साधें सायटोसिन पालटतें. मेथिलयुक्त मात्र तसेंच राहतें. १९९६ मध्यें हर्मन, बेलिन प्रभृतींनीं तिच्या आधारें हजार प्रतींतील एक खुणेची प्रतही हुडकणारी कसोटी सिद्ध केली. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तांत उतरतात. त्यामुळें रक्तावरून अर्बुद ओळखण्याचा, आणि शस्त्रक्रियेनंतर तें पुन्हा डोकें वर काढतें कीं काय हें पाहण्याचा मार्ग मोकळा झाला. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं सेप्टिन-९ या जनुकावरील खुणेच्या रक्तपरीक्षेस २०१६ मध्यें अमेरिकेंत सरकारी मान्यताही मिळाली.

येथें हुरळून जाणें मात्र आम्हांस धोक्याचें वाटतें. अनेक कर्करोग एकदम शोधणाऱ्या एका मेथिलीकरण-कसोटीचे निष्कर्ष २०२१ मध्यें प्रसिद्ध झाले. तींत चौथ्या अवस्थेंतील शेंकडा ९० रोगी ओळखले गेले. पहिल्या अवस्थेंतील अवघे शेंकडा १७. अर्बुद लहान, म्हणून रक्तांत उतरणारे तुकडेही थोडे. अर्थात् ज्यास लवकर निदानाचा खरा लाभ व्हावयाचा, तोच बहुधा हातून निसटतो. रक्त निर्दोष ठरलें म्हणून कोणी अंगावरील गांठ दुर्लक्षिली, तर ही कसोटी नसती तर बरें, असें म्हणण्याची पाळी यावयाची. म्हणून तिचें मोल ती किती रोगी ओळखते यावरून नव्हे, तर किती वेळीं ओळखते यावरून ठरवावें, असें आमचें मत आहे.