सोळा घरांचा ठेका

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या माणसाने लग्नसराईच्या दिवसांत लवकर झोपण्याचा संकल्प करू नये. वरात अशोक रोडवरून वळून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की प्रथम खिडकीच्या काचा थरथरतात, मग फळीवरची भांडी बोलू लागतात, आणि गाण्याचा एकही शब्द कानी पडण्यापूर्वी छातीवर एकसारखा ठोका पडू लागतो. गाणे कधी कानडी असते, कधी हिंदी, कधी दखनी उर्दूतले. ठोका मात्र तोच. कोल्हापूरकडे गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही तो ऐकला आहे आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही ऐकला आहे. ढोल-ताशाची परंपरा सर्वांना ठाऊक असते. पण हा जो यंत्राचा ठोका आज सर्व प्रांतांतून फिरतो आहे त्याचे गाव कोणते, असा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचा शोध घेता घेता जी हकीकत हाती आली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पाश्चात्त्य ग्रंथकार हा इतिहास साधारणपणे जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ शहरापासून सुरू करतात. तेथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या 'क्राफ्टवेर्क' ह्या वादकसंघाने मोटाररस्ता आणि आगगाडी ह्यांचीच लय संगीतात आणली. हे जर्मन संगीत अमेरिकेतील डेट्रॉइट ह्या मोटारींच्या शहरी रेडिओवरून पोचले. तेथील कारखाने ओस पडू लागलेले होते. त्या शहराजवळच्या बेलव्हिल येथील शाळेत शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन ह्या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी त्यातून एक नवे नृत्यसंगीत घडविले. १९८८ मध्ये त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या रचनांचा एक संग्रह इंग्लंडमध्ये निघाला आणि त्याच्या नावातूनच 'टेक्नो' ही संज्ञा जगभर रूढ झाली. शिकागोची कथा हिच्या शेजारची आहे. १२ जुलै १९७९ रोजी तेथील एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडविण्याचा जाहीर समारंभ झाला. डिस्को मेला असे त्या दिवशी पुष्कळांनी मानले. परंतु त्याच शहरातील नृत्यगृहांतून, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून, तो 'हाउस' ह्या नव्या नावाने पुन्हा उभा राहिला.

ह्या साऱ्या घडामोडींत एका जपानी यंत्राचा वाटा फार मोठा आहे. इकुतारो काकेहाशी ह्यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'रोलँड' कंपनीने १९८० मध्ये 'टीआर-८०८' हे तालयंत्र आणि १९८१ च्या सुमारास 'टीबी-३०३' ही लहानशी पेटी बाजारात आणली. दुसऱ्या पेटीचा हेतू अगदी साधा होता. एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास खालच्या सुरांची साथ मिळावी, साथीदाराचा खर्च वाचावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण तिचा आवाज खऱ्या वाद्यासारखा येईना, आणि तीत सूर भरण्याची रीत तर इतकी किचकट की भले भले वादक कंटाळले. सुमारे १०,००० पेट्या तयार झाल्यावर १९८४ मध्ये उत्पादन बंद पडले. मग त्या जुन्या मालाच्या दुकानांत मातीमोलाने मिळू लागल्या, आणि ज्यांच्या खिशात पैसा नव्हता अशा शिकागोच्या पोरांच्या हाती लागल्या. त्यांनी तिची बटणे अशी काही पिळली की साथीचा सूर किंचाळू लागला, वितळू लागला. १९८७ मध्ये 'फ्यूचर' ह्या त्रिकुटाने ह्याच आवाजावर उभारलेली 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली, आणि 'ॲसिड हाउस' नावाच्या प्रकाराचा जन्म तेव्हापासून मोजण्याचा प्रघात पडला.

येथवर सर्व काही यथाक्रम आहे. घोटाळा मुंबईने केला.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील एक वादक होते. गिटार, व्हायोलिन, कळफलकाची वाद्ये, जे लागेल ते वाजवावे, आणि श्रेयनामावलीत नाव नसले तरी कुरकुर करू नये, अशा वर्गातले. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. तो काळ डिस्कोचा होता. १९८० च्या 'कुर्बानी'तील नाझिया हसनचे गाणे घरोघरी पोचले होते आणि १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' पडद्यावर आला. त्याच १९८२ साली चरणजित सिंगांनी परदेशातून आणलेली तीन रोलँड यंत्रे, म्हणजे वर सांगितलेली दोन आणि 'ज्युपिटर-८' हा सूरयंत्राचा मोठा नमुना, एकमेकांना जोडली आणि दहा राग वाजविले. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. एच.एम.व्ही.ने ती तबकडी काढली. ती खपली नाही. राग ऐकणाऱ्यांना तीत डिस्को दिसला, डिस्कोवर नाचणाऱ्यांना राग दिसला, आणि दोन्ही पक्षांनी पाठ फिरविली.

ही तबकडी आज ऐकताना अचंबा वाटतो. शिकागोच्या तबकडीआधी पाच वर्षे तोच ठोका, तोच वितळणारा खालचा सूर! पण थोडा विचार केला म्हणजे ह्यात चमत्कार काही नाही असे दिसून येते. 'टीबी-३०३' मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि मींड ज्याच्या कानात बसलेली आहे त्याला तिचा उपयोग शिकवावा लागत नाही. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंघात पावलोपावली बदलावे लागतात. राग एका षड्जावर स्थिर राहून फुलतो. एकच सुरावट अखंड फिरवीत राहणाऱ्या यंत्राला रागाइतका सोयीचा सोबती दुसरा कोणता मिळणार? आणि तिसरी गोष्ट अशी की ह्या दोन्ही पेट्यांत ठेका सोळा घरांत भरला जातो, आणि आपला त्रिताल सोळा मात्रांचा.

परंतु साम्य येथेच संपते. यंत्राची सोळा घरे बहुधा चार ठोक्यांचे चार-चार भाग असतात, आणि ते चारही ठोके सारख्याच वजनाचे पडतात. त्रितालात नवव्या मात्रेवर खाली आहे. तेथे हात वाजत नाही, पण मोजतो. त्या न वाजलेल्या जागेमुळेच गवयाला समेचा अदमास येतो. यंत्राला खाली ठाऊक नाही. बंगळूरच्या राडेल कंपनीने केलेल्या विजेच्या तबल्यात ती मुद्दाम भरून द्यावी लागली. कारण तो तबला रियाजासाठी होता, नाचण्यासाठी नव्हे. चरणजित सिंगांच्या तबकडीत सूर आपले राहिले आणि ताल परका झाला, असे आम्हांस वाटते. ती दोष म्हणून सांगत नाही. तिच्या वेगळेपणाची खूण म्हणून सांगतो.

२००२ मध्ये एडो बाउमान ह्या डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती नव्याने प्रकाशित केली. ती ऐकून युरोपात खळबळ उडाली. ही कोणा आधुनिक वादकाने केलेली बनवाबनवी असावी, असाही संशय काहींनी घेतला. संशय फिटल्यावर दुसरे टोक गाठले गेले: 'ॲसिड हाउस'चा जनक मुंबईचा! आपल्याकडील वृत्तपत्रांनी हे वाक्य साहजिकच उचलून धरले. उतारवयात चरणजित सिंगांना युरोपच्या रंगमंचांवरून तीच यंत्रे वाजविण्याचे भाग्य लाभले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला 'हे प्रथम आमच्याकडे झाले' असे म्हणण्याचा मोह अंमळ जास्तच असतो, आणि त्याला आम्हीही अपवाद नाही. तथापि अगोदर असणे निराळे आणि उगम असणे निराळे. १९८२ ची ती तबकडी शिकागोच्या त्या तिघांनी ऐकल्याचा काहीही पुरावा पुढे आलेला नाही. एकच टाकाऊ पेटी दोन खंडांतील दोन गरजूंच्या हाती पडली आणि दोघांनी तिच्यातून आपापले काढले, एवढेच इतिहासाने म्हणावे. उगम होण्यासाठी ऐकणारा लागतो, त्यावरून पुढे काही करणारा लागतो. शिकागोत नृत्यगृह होते, त्यात रात्रभर नाचणारी माणसे होती, दुसऱ्या दिवशी तसाच प्रयोग करून पाहणारे शेजारी होते. मुंबईत तबकडी होती आणि पलीकडे कोणी नव्हते. ह्यात उणेपणा असलाच तर तो वादकाचा नाही; आम्हा श्रोत्यांचा आहे. त्या शहरात तेव्हा मराठी रसिक लाखांनी होते, संगीतसभांना गर्दी करणारे होते. त्यांतील कोणी चार ओळींची प्रतिकूल टीका लिहून ती गाजविली असती, तरी तबकडीला दुसऱ्या कोणाच्या कानापर्यंत वाट मिळाली असती.

हा प्रकार एकटा नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सूरयंत्राची कार्यशाळा उभी केली. १९७२ पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी तेथे विजेच्या सुरांवर प्रयोग केले. त्या ध्वनिफिती नंतर संस्थेच्या संग्रहातच पडून राहिल्या. पॉल पर्गस ह्या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्यावर त्यांतील निवडक ध्वनी २०२३ मध्ये श्रोत्यांपुढे आले. ज्यांचा जन्म कचेरीत गेला त्यांना निराळे सांगणे नको: आवक नोंदवहीत ज्या कागदाला क्रमांक पडला नाही, तो कागद आलाच नाही असे समजले जाते.

आपल्या भूमीवर हे संगीत खरोखर रुजले ते गोव्यात, आणि तेही उलट्या वाटेने. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी मंडळी कळंगुट, बागा, हणजूण येथे येऊ लागली. प्रथम किनाऱ्यावर गिटार वाजत. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतून आलेल्या ध्वनिफितींवर यंत्रसंगीत वाजू लागले. उन्हात आणि वाळूत तबकड्या टिकत नसत, म्हणून ध्वनिफितींचाच वापर चाले. गाण्यांतील शब्द कापून टाकीत आणि ठेका लांबवीत. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले 'गोवा गिल' ह्यांचे नाव ह्या संदर्भात सर्वत्र घेतले जाते. २०२३ मध्ये त्यांचे गोव्यातच निधन झाले. पुढे नव्वदीत युरोपने ह्या प्रकाराला 'गोवा ट्रान्स' असे नाव दिले. ह्या इतिहासात आणखी एक वर्ग आहे. नाचणाऱ्यांच्या भोवती चटया अंथरून, कंदील लावून पहाटेपर्यंत चहा विकणाऱ्या गावच्या बायका. त्यांनी ही लय सर्वांत जास्त ऐकली, आणि त्यांना ती कशी वाटली हे कोणी विचारले नाही. गावाला पैसा मिळाला, त्याबरोबर मादक द्रव्यांचा बाजार आला, आणि झोप गेली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सरकारांचे लक्ष वेधले जाणे क्रमप्राप्तच होते. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने १०० किंवा अधिक माणसांच्या अशा उघड्यावरील रात्रमेळाव्यांवर बंधन आणले. त्यासाठी पुनःपुन्हा पडणाऱ्या ठोक्यांची व्याख्या कायद्याच्या मसुद्यात करावी लागली. तो मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाविषयी आम्हांस सहानुभूती वाटते. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मनाई केली. त्यांत ठोक्याची व्याख्या नाही. घड्याळ पाहून काम भागते.

मंडी मोहल्ल्यातील वरात ते घड्याळ नेहमी पाळतेच असे नाही. पण आता काचा थरथरू लागल्या की आम्ही पूर्वीसारखे नुसते चिडत नाही. तो ठोका येथवर डेट्रॉइट, शिकागो आणि गोवा ह्या वाटेने आला, मुंबईच्या वाटेने आला नाही, हे आता आम्हांस ठाऊक आहे. मुंबईची ती तबकडी ह्या इतिहासातील खाली आहे. तेथे टाळी पडली नाही, तरी मोजताना ती मात्रा वगळता येत नाही. आज आमच्या वाचकांपैकी कोणाच्या शेजारी, भोपाळात, इंदुरात किंवा गुवाहाटीत, एखादा अनाम वादक काहीतरी विचित्र वाजवीत असेल. ते आवडलेच पाहिजे असे नाही. ते ऐकून, तारीख घालून, चार ओळींत लिहून ठेवावे, एवढे मात्र आपल्याला करता येण्याजोगे आहे.