गोषवारा

फारसीत ‘गोशवारा’ म्हणजे कानातले भूषण. तोच शब्द आपल्या दफ्तरात शिरून हिशोबाच्या सारांशाला कसा चिकटला, हा मोठा गमतीचा प्रश्न आहे. थोरल्या साहेबाच्या कानावर घालता येईल इतकेच थोडके, असा अर्थ कोणी लावला तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. मात्र माणदेशातल्या कुणब्याला हे भूषण पिढ्यान्‌पिढ्या फार जड पडले आहे.

पेशवाईत रोजची नोंद कीर्दीत होई, कीर्दीवरून खाते-खाते निवडून खतावणी होई आणि खतावणीवरून वर्षाचा ताळेबंद. पुण्याच्या दफ्तरातले अफाट रुमाल पाहिले म्हणजे कळते, की एवढे सारे कागद कारभाऱ्याने स्वतः वाचायचे म्हटले असते तर राज्य करायला त्याला सवडच उरली नसती. खालच्या कारकुनाने आधी घोटून आणले, म्हणूनच वरचा मनुष्य निर्णय करू शकला.

1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि माण तालुका इंग्रजी अमलात आला. शेजारची आटपाडी औंध संस्थानात राहिली. माणगंगा मात्र दोघींची एकच, आणि बहुधा कोरडीच! इंग्रजांनी दफ्तराची चौकट पक्की केली. तलाठी एकेका सर्व्हे नंबरात उभे राहून बाजरी किती, शाळू किती, पड किती हे लिही. ही पीकपाहणी गाव नमुना बारावर. मग साऱ्या गावाची बेरीज गाव नमुना अकरावर. त्याचे नावच मुळी ‘पिकांचा गोषवारा’. तेथून सर्कल, मामलेदार, कलेक्टर असे करीत शेकडो शेतांचे एक पान होई, आणि शेकडो पानांची एक ओळ.

या ओळीत एक आकडा असे, तो आणेवारीचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. मुंबई इलाख्यातला नियम असा, की पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या सालचा सारा संपूर्ण तहकूब. चार ते सहा आणे असेल तर निम्मा. त्यावर असेल तर निमूटपणे भरा.

आता हिशोबापुरते एक गाव घेऊ. विहिरीखालची शंभर एकर, पीक बारा आणे. कोरडवाहू चारशे एकर, पीक दोन आणे. बारा आणि दोन मिळवून निम्मे केले की सात आणे येतात आणि सारा पुरा द्यावा लागतो. पण एकरांचा भार धरून बेरीज केली, तर बाराशे आणि आठशे मिळून दोन हजार. भागिले पाचशे, म्हणजे चार आणे. निम्मा सारा सुटला! शेते तीच, पाऊस तोच. फरक पडला तो फक्त गोषवारा करण्याच्या रीतीत. शिवाय चारशे एकर ज्यांची, त्यांचे दोन आणे या दोन्ही आकड्यांत कुठेच दिसत नाहीत, ते वेगळेच.

हे मर्म जाणत्यांनी लवकर ओळखले होते. 1876 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारी सारांशावर विसंबून न राहता गावोगावच्या हकिकती स्वतः गोळा करून सरकारकडे धाडल्या. (त्याच दुष्काळात म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचे काम निघाले.) आणि 1918 चा खेड्याचा सत्याग्रह तरी कशावरून झाला? रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत वर. गांधीजींनी आणि वल्लभभाईंनी लढविला तो सारांशाच्याच एका आकड्याचा तंटा होता.

1957 साली दशमान नाणी आली. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैसे ही वेस ठरली. पुढे 2016 साली केंद्राची नवी दुष्काळसंहिता आली. तिने पैसेवारी बाजूस सारून पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांना मान दिला. 2021 पासून तर पीकपाहणीची नोंद शेतकरी स्वतःच मोबाईलवर करू लागला आहे. तलाठ्याला साऱ्या आयुष्यात लिहिता आले नसते इतके आकडे आता एका हंगामात जमतात. तरी मंत्रालयातल्या मेजावर ठेवायचा तो तक्ता आटोपशीरच लागतो, आणि तो तालुक्याच्या मापाने करायचा की गावाच्या, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

2018 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांत माण होता. 2023 च्या ऑक्टोबरअखेर 40 तालुक्यांची यादी निघाली. तीत साताऱ्यातले वाई-खंडाळा आले, पण माण आला नाही! दहिवडी-म्हसवडकडच्या लोकांना तो कागद कसा वाचवला असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. नंतर सरकारने माप लहान केले आणि तालुका सोडून महसूल मंडळाचा पाऊस पाहून दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यास आरंभ केला. मंडळ म्हणजे काही गावांचा एक पुंजका, आणि मोजायचे ते त्या पुंजक्यातल्या पर्जन्यमापकावर पडलेले पाणी. शेजारच्या शिवारात पडलेले नव्हे.