आधी पाया, मग आवड

कोरेगाव भीमाचे नाव निघाले की १ जानेवारी १८१८ची लढाई आठवते. नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत तिचा स्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अभिवादनासाठी आले होते. मला आज त्यांच्या शाळेतली हकिकत सांगायची आहे. शाळेने मूलभूत विषयांवर भर द्यावा की मुलांच्या आवडीवर, हा वाद समजून घ्यायला ती उपयोगी पडते.

मुंबईत शिकताना बाबासाहेबांना संस्कृत हवे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला. फारसी मला प्रिय आहे. पण गोड भाषाही दार बंद करून पदरी टाकली, तर तो अन्यायच.

मग सारे मुलांच्या आवडीवर सोडावे का? येथे महात्मा फुले आठवतात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यांची तक्रार होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. त्यांच्या यादीत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोल होते. शिवाय शेती, नीती आणि आरोग्याचे धडेही होते. कुळाला सावकाराचा कागद वाचता यावा, हा मोडीचा उपयोग. आज मोडी शाळेत नाही, त्या जागी दुसरी साधने आली. म्हणजे मूलभूत विषयांची यादीही काळाप्रमाणे बदलते. ती ठरवताना सर्वांत मागे राहिलेले मूल डोळ्यांसमोर हवे.

माझ्या घरात दखनी बोलली जाई. मराठी मी निवडली नव्हती, ती शाळेने शिकवली. कविता मात्र मी निवडली. पाया नसता, तर ही निवड मला सुचलीही नसती.

शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात, सणसवाडीच्या कारखान्यांमुळे, परप्रांतीय कामगारांची मुलेही शाळेत येतात. ज्याला उतारा वाचता येत नाही, भागाकार जमत नाही, त्याच्यापुढे दहा पर्याय ठेवून काय उपयोग? तो सोपा विषय घेतो आणि आपण त्याला आवड म्हणतो. श्रीमंताच्या मुलाची कसर शिकवणी भरून काढते; गरिबाला शाळेखेरीज कोण आहे?

२००९च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. निदान तेवढ्या वर्षांत भाषा, गणित, विज्ञान, समाजाचे ज्ञान प्रत्येकाला पक्के मिळावे. चित्र, गाणे, खेळ त्यासोबत असावेत. त्यानंतर मात्र निवड खरी असावी. विषय कागदावर आहे आणि शिकवायला शिक्षक नाही, तर तोही बंद दरवाजाच. फुल्यांनी पाया मागितला, बाबासाहेबांना निवड नाकारली गेली. आपल्या मुलांना दोन्ही मिळायला हवे, आणि ते याच क्रमाने.