विमानप्रवास गुणयोजना

नियमित प्रवाशास प्रवासाच्या वा खर्चाच्या प्रमाणात गुण देऊन त्यांच्या मोबदल्यात विनामूल्य अथवा सवलतीचे तिकीट देण्याची विमान कंपन्यांची पद्धती. या गुणांना पुष्कळदा ‘मैल’ म्हणतात. मात्र अंतराशी त्यांचा संबंध आता बहुतांशी नावापुरताच उरला आहे.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाडे व मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण क्रमाने उठविण्यात आले आणि कंपन्यांत तीव्र स्पर्धा सुरू झाली. विमानातील आसन ही नाशवंत वस्तू होय. विमान सुटताच रिकाम्या आसनाचे मूल्य शून्य होते. असे आसन जुन्या ग्राहकास दिल्यास खर्च अल्प येतो व ग्राहक बांधला जातो, या हिशेबाने अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली. युनायटेडने काही दिवसांतच तिचे अनुकरण केले. १९८७ मध्ये तिला सिटी बँकेच्या क्रेडिट कार्डाची जोड मिळाली आणि विमानात पाऊल न ठेवताही गुण साठू लागले. बँका हे गुण कंपन्यांकडून घाऊक विकत घेतात. त्यांचा खर्च दुकानदाराकडून घेतलेले शुल्क व थकबाकीवरील व्याज यांतून निघतो. म्हणजे एकाच्या स्वस्त तिकिटाचा भार काही अंशी दुसऱ्याच्या व्याजावर पडतो.

पुढचा टप्पा कंपन्यांच्या संघांचा. पाच कंपन्यांनी १४ मे १९९७ रोजी स्टार अलायन्स स्थापन केला. वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) हे त्यानंतरचे. एका कंपनीचे गुण संघातील दुसरीच्या विमानात चालतात, पण गुणांचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते. त्यामुळे एकाच आसनास निरनिराळ्या योजनांत निरनिराळे गुण लागतात. जाणकार प्रवासी हाच फरक हेरतो. कर व अधिभार मात्र बहुधा रोख द्यावे लागतात.

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढले. एअर इंडियाचा ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये प्रवेश झाल्यावर तिचे गुण लुफ्तान्झा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड इत्यादींच्या विमानांत वापरता येऊ लागले. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी आहे. एप्रिल २०२४ पासून ही कंपनी अंतराऐवजी खर्चावर गुण देऊ लागली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तीत विलीन झाली. पुढे योजनेस ‘महाराजा क्लब’ हे नाव देण्यात आले; हा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून अवतरला.

गुण ही ठेव नव्हे. त्यांवर व्याज नाही आणि दर बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच असतो. मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिची गुणयोजना स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे सभासदांचे गुण बुडाले नाहीत, पण ज्या विमानांसाठी ते साठविले होते ती विमानेच उरली नाहीत.

मराठवाड्यात स्वस्त विमानप्रवास आला तो गुणांमुळे नव्हे, तर सरकारी अनुदानामुळे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. सुमारे तासाभराच्या प्रवासास ठराविक आसनांकरिता २,५०० रुपयांची मर्यादा होती. ती चालविणारी ट्रूजेट कोणत्याही संघात नव्हती आणि पुढे तीही बंद पडली. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावच्या प्रवाशास संघातील कंपनीचे परदेशी विमान गाठण्यासाठी हैदराबादला वा मुंबईला जावे लागते. तेथवरच्या रेल्वेच्या वा बसच्या तिकिटास हे गुण चालत नाहीत.